ज्याच्या खांद्यावर टॉवेल

निंगप्पा आमच्या कार्यशाळेत आला त्या दिवशी त्याने सर्वांत आधी मला मिठी मारली. मी टेबलाच्या अलीकडे बसलो होतो आणि तो पलीकडे उभा होता, पण टेबलाचा त्याने विचार केला नाही. व्हाउचरचा गठ्ठा, शिक्क्याचं पॅड आणि माझा चहा, सगळं खाली गेलं. मिठी मात्र पूर्ण झाली. ती सोडल्यावर माझ्या तोंडाकडे नीट बघत त्याने विचारलं, "जेवलास का?"

सकाळची वेळ होती. मी म्हटलं, "नाही."

"मग जेव की," असं म्हणून तो दारातून आत येणाऱ्या शिपायाकडे वळला.

अक्कलकोट रस्त्यावर बंद पडलेल्या यंत्रमागाच्या एका शेडमध्ये आमची ही कार्यशाळा चालते. बुद्धीने कमी म्हणून घरच्यांनी कोपऱ्यात बसवलेली मोठी माणसं इथे येतात, आणि डोक्याच्या आजारातून सावरणारीही काही येतात. सरकार त्यांच्यासाठी दर काही वर्षांनी नवा शब्द काढतं आणि मला लेटरहेड बदलावं लागतं. माणसं तीच राहतात. कारखान्यांतून टॉवेल येतात, त्यांची घडी घालायची, पिशवीत भरायचे, पाठवायचे. मी बी.कॉम., इथला हिशेबनीस. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. एवढ्या वर्षांत मी या शेडमध्ये जे पाहिलं त्यात लिहून ठेवावं असं फार नाही, पण निंगप्पाचं लिहायला हवं.

तो मूळचा मैंदर्गीचा. वडील लवकर गेले. आई बाजारात शेंगांची चटणी विकायची आणि ती उखळात कुटायचं काम निंगप्पाचं. शाळेने त्याला दोनदा घेतलं आणि दोनदा परत केलं, दुकानदार फाटकी नोट परत करतो तसं. गावात तो सगळ्यांचा होता. म्हणजे ओझं उचलायला सगळ्यांचा आणि जेवायला आईचा. आईचं दुकान म्हणजे एक पोतं आणि एक ताट. गिऱ्हाईक पुढे बसलं की आई आधी विचारायची, "जेवलास का?" मग भाव सांगायची. निंगप्पाने माणसांशी बोलायची सुरुवात तिथे शिकली आणि ती पक्की झाली. भाव सांगायचं मात्र त्याला कधी जमलं नाही. मराठी आणि कानडी दोन्ही तो सारखीच मोडून बोलायचा, त्यामुळे दोन्ही बाजूच्या लोकांना आपलाच वाटायचा.

आई गेल्यावर थोरली बहीण पार्वतम्मा त्याला सोलापुरात, नीलमनगरला आपल्या घरी घेऊन आली. तेव्हा तो पस्तिशी ओलांडलेला, दाढी पिकायला लागलेला गडी होता. मैंदर्गीत मिठी मारली तर लोक हसायचे. सोलापुरात त्याने सिटी बसच्या कंडक्टरला मिठी मारली, चौकातल्या हवालदाराला मारली, तोवर ठीक होतं. मग भाजीबाजारात एका अनोळखी बाईला त्याने "जेवलीस का" म्हणून जवळ घेतलं, आणि तिच्या भावाने त्याला कोथिंबिरीच्या गाड्यावर आडवा केला. डोळा सुजवून घरी आला. पार्वतम्माने विचारलं काय झालं, तर म्हणाला, "त्यो भाऊ उपाशी हुता वाटतं."

दुसऱ्या दिवशी पार्वतम्मा त्याला आमच्याकडे घेऊन आली, आणि त्याने मला मिठी मारली.

त्याला समाजात कसं वागायचं ते शिकवायचं काम बुद्धप्रिया मॅडमचं होतं. मॅडम म्हटल्यावर जे डोळ्यासमोर येतं त्यातलं तिच्यात काही नाही. वय तिशीचं, अंगकाठी उदबत्तीची, जीभ मात्र लांब पल्ल्याची. याच विषयाचं रीतसर शिक्षण घेतलेली. तिच्या तासाला कागदावर "सामाजिक कौशल्य प्रशिक्षण" असं भारदस्त नाव आहे. बाकी सगळे त्याला टॉवेलचा तास म्हणतात.

तासाचे नियम असे. सगळे गोल करून बसतात. एकच टॉवेल असतो. ज्याच्या खांद्यावर टॉवेल, त्याने बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. बोलून झालं की टॉवेल पुढच्याच्या खांद्यावर. पुढच्याने स्वतःचं सांगायच्या आधी, मागचा काय म्हणाला ते परत सांगायचं, म्हणजे ऐकलं की नाही ते कळतं. कुणाला हात लावायचा असेल तर आधी विचारायचं, "धरू का?" समोरचा नको म्हणाला तर नाही धरायचं. आणि दोघंतिघं एकदम बोलायला लागले, गोंधळ झाला, की टॉवेल काढून घ्यायचा, घडी घालून बाजूला ठेवायचा. शांत झालं की परत. हे घडी घालायचं काम मॅडमने निंगप्पाला दिलं. तो झाला टॉवेल मास्तर. एकदा अध्यक्षसाहेब तपासणीला आले आणि तासाच्या मध्येच भाषण करायला लागले, तेव्हा निंगप्पा उठून त्यांच्या खांद्यावर टॉवेल शोधू लागला. सापडला नाही म्हणून त्याने त्यांना खाली बसवलं.

मॅडमच्या सांगण्यावरून आम्ही हा नियम संचालक मंडळाच्या बैठकीतही एकदा वापरून पाहिला. अध्यक्षांनी टॉवेल खांद्यावर घेतला आणि चहा येईपर्यंत सोडला नाही.

अवधूत हा तासातला दुसरा तयार गडी. पूर्वी शाळेत गणित शिकवायचा. मग डोक्यात आवाज यायला लागले. आता गोळ्यांवर बरा आहे. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "मॅडम, माझ्या डोक्यातल्या मंडळींनाही हा नियम सांगा. त्यांच्यात टॉवेल एकाकडेही नाही आणि बोलतात सगळे."

"उद्या घेऊन या त्यांना," मॅडम म्हणाली. "हजेरी लावू."

अशा तासाला एका सोमवारी निंगप्पाने टॉवेल खांद्यावर घेतला आणि नेहमीचं सुरू केलं, "माझं नाव निंगप्पा. मी टॉवेलची घडी घालतो. आज मला..." इथे तो थांबला. "आज मला वाईट वाटतंय. शिवलीलाचं लगीन हाय. दाजी म्हंतात, मामा म्हनून शिवानंद हुबारणार. मामा मी हाय. शिवानंद मामा न्हाय. शिवानंद शिवानंद हाय."

टॉवेल इंद्रायणीच्या खांद्यावर गेला. इंद्रायणी तासातली सगळ्यांत वयाने मोठी, आणि ऐकण्यात पक्की. ती म्हणाली, "निंगप्पा म्हणतो, तो मामा आहे. शिवानंद शिवानंद आहे. मला वाटतं बरोबर आहे."

शिवलीला म्हणजे पार्वतम्माची एकुलती मुलगी. अक्षता पडताना नवरीच्या पाठीशी तिचा मामा उभा राहतो. शिवलीलेला सख्खा मामा एकच, आणि तो निंगप्पा. शिवानंद हा पार्वतम्माचा चुलतभाऊ, मोबाइलच्या दुकानात असतो, दिसायला नीटनेटका, फोटोत चांगला येतो. बाकी त्याचा या लग्नाशी संबंध एवढाच.

मॅडमने शिवलीलेच्या वडिलांना, सिद्धप्पाला, कार्यशाळेत बोलावून घेतलं. सिद्धप्पाचं शाळेचे गणवेश शिवायचं छोटं युनिट आहे. माणूस वाईट नाही, पण लग्नाच्या आधी मुलीचा बाप जसा असतो तसा झाला होता. खुर्चीवर बसला तोच म्हणाला, "मॅडम, मला सगळं समजतंय. पण तुमाला मागचं ठावं न्हाय. माझ्या पुतण्याच्या लग्नात फटाका वाजला, आन ह्यानं नवऱ्याला मागनं जी मिठी मारली, ती अक्षता संपेस्तवर सोडली न्हाय. फोटोत बघा, नवऱ्याला चार हात हायत! सासरची अजून विचारत्यात."

"आता नाही मारणार," मॅडम म्हणाली. "आता तो विचारतो."

"बघू की."

निंगप्पा दारात उभा होता. तो आत आला, एक हात अंतर ठेवून थांबला आणि म्हणाला, "दाजी, मला समजलं न्हाय. बघू म्हंजे व्हय का न्हाय?"

"बघू म्हंजे बघू रे."

"कवा बघायचं?"

"जवळ आल्यावर."

"जवळ आल्यावर व्हय का न्हाय?"

सिद्धप्पाने माझ्याकडे बघितलं. मी हिशेबाच्या कागदात डोकं घातलं. आपण सगळे "बघू" म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ काय असतो ते पक्कं माहीत असल्यामुळे मला त्याच्या नजरेला नजर देता येईना. शेवटी सिद्धप्पा ओरडला, "व्हय रे बाबा, व्हय! हुबार! पण एक अट. मिठी न्हाय. आन काय बी गडबड झाली तर तिथल्या तिथं शिवानंद. मॅडम, तुमी आन हे सर दोघं त्याच्या शेजारी बसायचं."

"चालेल," मॅडम म्हणाली.

मला कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या शेडमध्ये रोज दुपारच्या जेवणाआधी एक लग्न लागायला लागलं. नवरी इंद्रायणी. नवरा म्हणून मॅडमने मला उभं केलं, कारण बाकीचे पुरुष घड्या घालण्यात गुंतलेले होते आणि माझं काम, तिच्या मते, थांबलं तरी कुणाच्या लक्षात येत नव्हतं. अवधूत झाला लग्न लावणारा स्वामी. त्याचे मंत्र म्हणजे बीजगणिताची सूत्रं, पण चाल अगदी हुबेहूब. आणि फटाके म्हणून पॅकिंगच्या पिशव्या फुगवून फोडायच्या. त्या पिशव्यांची घट मी प्रशिक्षण खर्चात टाकली. घरी हे सांगितल्यावर बायको म्हणाली, "रोज लग्न करून येता आणि येताना कोथिंबीर तेवढी विसरता."

पिशवी फुटली की निंगप्पाचे डोळे मोठे व्हायचे, हात पुढे यायचे. मॅडम कोपऱ्यातून फक्त त्याच्याकडे बघायची. मग तो आपले हात आपणच मागे घ्यायचा आणि इंद्रायणीला विचारायचा, "धरू का?" इंद्रायणी कधी हो म्हणायची. कधी मुद्दाम "नको" म्हणायची. तेव्हा तो स्वतःच्याच सदऱ्याचं टोक मुठीत धरून, डोळे मिटून, थरथरत उभा राहायचा. पण उभा राहायचा. सूत्रं संपली की टाळ्या. मग मला माझ्या टेबलाकडे जायची परवानगी.

लग्नाच्या दिवशी अक्कलकोट रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात आम्ही तिघं पुढच्या रांगेच्या कडेला बसलो. निंगप्पाला नवा पांढरा सदरा, फेटा. गळ्यात कापडी पिशवी, कारण लग्नं वेळेवर लागत नाहीत आणि निंगप्पाला भूक वेळेवर लागते, हे पार्वतम्माला माहीत होतं. पिशवीत कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. मिठी कुणालाही नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडून "जेवलास का?" एवढंच. लोक म्हणत होते, "जेवायचंय अजून." तो मान हलवत होता. सगळं नीट चाललं होतं.

मग भेटी सुरू झाल्या. व्याही-व्याही, काका-काका, मामा-मामा. माइकवाला एकेकाचं नाव घेणार, माणूस उठणार, त्याच्या खांद्यावर टॉवेल आणि डोक्यावर टोपी ठेवली जाणार. आहेराचा टॉवेल काही अंग पुसायला विणलेला नसतो. तो एका लग्नातून दुसऱ्या लग्नात फिरण्यासाठी असतो. त्यातून पलीकडचं दिसतं. नवऱ्या मुलाचे मामा शिवयोगी, मंद्रूपचे द्राक्षबागवाले, दार भरून उरतील असे. त्यांची आणि निंगप्पाची भेट झाली. निंगप्पाने हात जोडले. त्यांनीही जोडले. दोघांच्या खांद्यावर टॉवेल आले. सिद्धप्पाने लांबून सुटकेचा श्वास सोडला तो मला दिसला.

पण टॉवेल तिथे थांबले नाहीत. सरपंच, माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, आमदारांचे मेव्हणे. रांगाच्या रांगा टॉवेल. आणि ज्याच्या खांद्यावर टॉवेल आला तो बोलायला लागला. द्राक्षाचा भाव, जावयाची बदली, गुडघ्याचं ऑपरेशन. शेजारचाही टॉवेलवाला, तोही बोलतोय. माइकवाला त्या सगळ्यांवर. वर स्पीकर. निंगप्पाच्या कपाळावर घाम आला.

"सर," तो माझ्या कानाशी म्हणाला, "सगळ्यांकडं टॉवेल हाय."

"हो."

"मग ऐकनार कोन?"

मी उत्तराचा विचार करत होतो. पार्वतम्माने बोलावलं म्हणून मॅडम दोन मिनिटं आत गेली होती. माझं उत्तर तयार व्हायच्या आत निंगप्पा उठला होता.

त्याने त्याचं काम सुरू केलं. गोंधळ झाला की टॉवेल काढायचा. मागून जायचं, टॉवेल हळूच ओढून घ्यायचा, कार्यशाळेची चौपदरी घडी, हातावर. पुढचा. बोलणाऱ्यांना पत्ताच नव्हता. सरपंचांचा गेला, चेअरमनचा गेला. आमदारांच्या मेव्हण्यांना वाटलं वारा आला. मी धावलो तेव्हा निंगप्पा शिवयोगीमामांच्या खुर्चीमागे होता.

"ए! काय करतोस रे?" मामांनी रिकाम्या खांद्यावर हात नेत विचारलं.

"लई गोंधळ हाय," निंगप्पा समजावून म्हणाला. "शांत झालं की परत देतो."

आता आपल्याकडे मानाचा टॉवेल खांद्यावरून काढून घेणं म्हणजे काय, ते मी सांगायला नको. तो टॉवेल घरी गेल्यावर सायकल पुसायला वापरतात, पण मांडवात त्याला हात लावायचा नसतो. नवऱ्याकडची पन्नास माणसं एकदम उभी राहिली. "मान उतरवला!" "बोलावून अपमान!" स्वतःचा टॉवेल कुणाकडे आहे हे आत्ताच कळलेली माणसंही रागावली. शिवयोगीमामा टोपी काढून खुर्चीवर ठेवत म्हणाले, "मी मंद्रूपला निघालो. लावा लगीन तुमचं तुमी." आणि जाऊन आपल्या जीपमध्ये बसले. ड्रायव्हर मात्र किल्ली घेऊन टपरीवर चहा प्यायला गेला होता, त्यामुळे रुसवा जागेवरच थांबला.

सिद्धप्पा लाल झाला होता. "बघितलं? बघितलं न्हवं? हेच म्हनत हुतो मी! शिवानंद, फेटा बांध! आन ह्याला घेऊन जा हितनं, सर!"

पार्वतम्मा पदर तोंडाला लावून उभी राहिली. निंगप्पा हातावर टॉवेलचा गठ्ठा घेऊन तसाच. त्याला काय चुकलं ते कळत नव्हतं, पण शिवानंद फेटा बांधतोय हे कळलं होतं. "मामा मी हाय," तो हळू म्हणाला, पण ते ऐकायला कुणी रिकामं नव्हतं.

मॅडम आली. तिने त्याला ओरडून काही विचारलं नाही, समजही दिली नाही. एवढंच म्हणाली, "निंगप्पा, माणसाला राग आला तर काय करायचं?"

"जाऊन इचारायचं."

"मग?"

निंगप्पाने गठ्ठा माझ्या हातात दिला, वरचा एक टॉवेल घेतला आणि जीपकडे निघाला. मी मागोमाग. माझ्या मागोमाग बरीच मंडळी, कारण लग्नात भांडण म्हटलं की जेवणही मागे पडतं.

जीपची काच खाली होती. निंगप्पा एक हात अंतरावर थांबला.

"काका, टॉवेल घालू का?"

"आता कशाला?"

"तुमची पाळी हाय. तुमी बोला. मी ऐकतो."

"तुझ्याशी काय बोलू?"

"राग आला ते बोला की."

शिवयोगीमामांनी त्याच्याकडे बघितलं. मग, मला वाटतं, दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळे, मान पुढे केली. निंगप्पाने टॉवेल खांद्यावर नीट घातला आणि स्वतः तोंड मिटून उभा राहिला. खरंच मिटून. मध्ये "व्हय व्हय" नाही, "माझ्या बाबतीतही असंच" नाही.

आधी मामा टॉवेलबद्दलच बोलले. मग टॉवेल संपला आणि आतलं यायला लागलं. "पहाटं मंद्रूपवरनं निघालो. ह्या कार्यालयात येऊन बसलो. पोहे सरले म्हनाले. चहा येतोय म्हनाले, कुटं आला? मला शुगर हाय. त्यो माइकवाला त्या आमदाराच्या मेव्हण्याचं नाव चारदा घेतो, त्यो काय करतो, नुसता मेव्हणा हाय! आन माझ्या भाच्याचं लगीन, सकाळधरनं एका मानसानं इचारलं न्हाय..."

"जेवलास का?" निंगप्पा म्हणाला.

नियमाप्रमाणे त्याने मध्ये बोलायला नको होतं. पण त्याला राहवलं नाही.

मामा म्हणाले, "न्हाय."

निंगप्पाने गळ्यातली पिशवी उघडली. कडक भाकरी मोडून चटणी वर घातली आणि खिडकीतून आत दिली. मामांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. चटणी तिखट होती. नाक ओढत ते म्हणाले, "कुटून केलेली दिसती."

"मीच कुटतो. अवंदा माझं दात दुखत्यात म्हनून थोडी बारीक."

मामा हसले. जीपभोवतीची मंडळी जरा जवळ आली. आणि तेव्हा निंगप्पाला नियमाचा राहिलेला भाग आठवला. ऐकलं की परत सांगायचं. तो मंडळींकडे वळला आणि, मागे स्पीकर चालू असल्यामुळे, भरपूर मोठ्याने म्हणाला:

"मामा म्हंतात, टॉवेलचा राग न्हाय. भूक लागलीती. पोहे सरले. चहा आला न्हाय. शुगर हाय. माइकवाला आमदाराच्या मेव्हण्याचं नाव चारदा घेतो, त्यो काय करतो, नुसता मेव्हणा हाय."

मेव्हणे तिथेच उभे होते. खांद्यावर टॉवेल नव्हता, त्यामुळे काय बोलावं ते त्यांना सुचलं नाही.

सिद्धप्पाने डोळे मिटले. आणि मग जीपमधून आधी ठसका आला, मग हसणं. शिवयोगीमामांचं पोट हसायला लागलं की जीपही हलते. "सगळं सांगितलंस की रे! एक शब्द सोडला न्हाईस!"

"सोडायचा नसतो," निंगप्पा म्हणाला.

मामा खाली उतरले. हात झटकले, टोपी मागवून डोक्यावर घातली. समोर शिवानंद नवा फेटा बांधून, मोबाइलच्या काचेत स्वतःला बघत उभा होता.

"हा कोन?" मामांनी सिद्धप्पाला विचारलं.

"मुलीचा मामा," सिद्धप्पा म्हणाला.

"मग माझी भेट झाली त्यो कोन?"

शिवानंदच वैतागून म्हणाला, "मामा त्यो हाय हो. मी शिवानंद."

"मग सोड फेटा. मला भाकरी देणारा मामा पायजे समोर. चला, लई टाइम झाला."

सिद्धप्पा निंगप्पाकडे वळला. "मिठी न्हाय," एवढंच म्हणाला.

"न्हाय दाजी."

अक्षता सुरू झाल्या. नवरा-नवरी समोरासमोर, त्याच्या पाठीशी शिवयोगीमामा, हिच्या पाठीशी निंगप्पा. मंगलाष्टकं म्हणायला नवऱ्याच्या तीन मावश्या आणि एक निवृत्त मुख्याध्यापक. चौघांचाही सूर वेगळा आणि चौघांनाही सोडायचा नव्हता. निंगप्पा ताठ उभा होता. मॅडमने माझं मनगट धरलं होतं, न विचारता.

आणि बाहेर कुणीतरी घाई करून फटाक्याची माळ लावली.

निंगप्पाचे डोळे मोठे झाले. हात पुढे आले. सिद्धप्पा एक पाऊल पुढे सरकला. ते हात शिवलीलेच्या खांद्यापाशी आले आणि थांबले. मावश्यांनी श्वास घ्यायला सूर सोडला होता, स्वामींच्या गळ्यातला माइक चालू होता, त्यामुळे सगळ्या कार्यालयात ऐकू गेलं:

"शिवलीला, धरू का?"

स्वामी थांबले. नवऱ्याने मान वर केली. शिवलीला मागे वळली नाही. हार एका हातात घेतला आणि दुसरा हात पाठीमागे केला.

"धर की, मामा."

त्याने दोन बोटं धरली. डोळे मिटून, माळ संपेपर्यंत, मग मुख्याध्यापकांचं संपेपर्यंत. शेवटचं सावधान झालं, अक्षता पडल्या, आणि त्याने बोटं सोडून हात जोडले. समोरून शिवयोगीमामांनी एक मूठ अक्षता त्याच्याही डोक्यावर टाकली.

जेवणं झाल्यावर टॉवेलांचा गठ्ठा मी टेबलावर मांडला. निंगप्पा तिथे उभा राहून एकेकाचा देत होता. कुणाचा कुठला ते त्याला माहीत नव्हतं आणि घेणाऱ्यांनाही नव्हतं. सिद्धप्पा फोटोवाल्याच्या कॅमेऱ्यात डोकावून आला आणि कपाळाला हात लावून मॅडमपुढे उभा राहिला.

"मॅडम, आता बघा. सगळ्या फोटोत नवरीला एकच हात हाय."

"चारावरून एकावर आलो, सिद्धप्पा," मॅडम म्हणाली. "पुढच्या लग्नाला बरोबर दोन करतो."